भाऊबीजेचे ताट आणि वहीतले एक पान

आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरीत भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि भावप्रकाश मावळला म्हणून लोकांनी द्रव्यदीप उजळले, ही दिवाळीची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तिच्यानंतरचा छोटासा प्रसंग मात्र पुष्कळदा सांगायचा राहून जातो. भगवंतांचे थोरले बंधू राजा नंदिवर्धन धाकट्या भावाच्या वियोगाने व्याकूळ झाले होते. त्यांना अन्न गोड लागेना. तेव्हा बहीण सुदर्शना हिने कार्तिक शुद्ध द्वितीयेस त्यांना आपल्या घरी बोलावले, धीर दिला आणि समजावून चार घास खाऊ घातले. आपल्या परंपरेत भाऊबीज सुरू झाली ती अशी.

ही कथा मी अनेक व्याख्यानांत ऐकली आहे. सुदर्शनेने त्या दिवशी ताटात काय वाढले, हे मात्र कोणीच सांगितल्याचे मला आठवत नाही. पक्वान्ने किती होती, मिठाई कोणत्या हलवायाकडची होती, याची नोंद कोणाला ठेवावीशी वाटली नाही. दुःखी भावाला बहिणीने घरी बोलावून जेवू घातले, एवढेच लोकांच्या स्मरणात राहिले. २०१९ सालच्या भाऊबीजेला या गोष्टीचा अर्थ मला नव्याने उमगला. त्या दिवसाचा जमाखर्च माझ्या स्वयंपाकघरातील वहीत आजही आहे. तंगीच्या दिवसांत सण कसा करावा, या चिंतेत असलेल्या भगिनींना त्याचा उपयोग होईल, म्हणून ते पान आज उघडत आहे.

पुराचे पाणी आणि पेढीची पत

आमचे घर बदलापूर पश्चिमेला. कापडाचे लहानसे दुकानही त्याच बाजूस. उल्हास नदी गावाला जेवढी जवळची, तेवढीच पावसाळ्यात भीतीची. २६ जुलै २००५ च्या पुराच्या खुणा आमच्या गल्लीतील भिंतींवर कितीतरी वर्षे दिसत होत्या. तसेच पाणी २०१९ च्या जुलैअखेरीस पुन्हा आले. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे सर्व देशाने पाहिले. त्याच वेळी हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत घराघरांत, दुकानादुकानांत पाणी शिरले होते. ती दृश्ये पाहणारे आम्हीच होतो.

दुकानातील खालच्या दोन फळ्यांवरचा माल भिजला. श्रावण-भाद्रपदाच्या हंगामासाठी भरलेल्या साड्या आणि परकराचे तागे चिखलाने माखले. काही धुऊन, वाळवून मातीमोल भावाने विकले. बाकीचे फेकावे लागले. उल्हासनगरच्या बाजारातून माल आणला होता तो निम्मा उधारीवर. माल बुडाला, तरी उधारी तरंगतच राहिली.

व्यापाऱ्याच्या घरात तंगी आली की पहिली काळजी पोटाची नसते, पतीची असते. ‘दुकान बसले’ असा शब्द बाजारात फिरला की देणेकरी सगळे एकाच दिवशी दारात येतात आणि घेणेकरी एकही दिसत नाही. त्यामुळे आपल्या घरांत सर्वांत जास्त खर्च पुष्कळदा सर्वांत वाईट वर्षी होतो. लोकांना काही कळू नये, म्हणून! त्या दिवाळीत आमच्या घरी हेच घडू पाहत होते.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही हिशेबाला बसलो. दुकानातील दोन्ही माणसांचा बोनस आधी बाजूला काढला. पुरानंतर त्या दोघांनीही आमच्याबरोबर गुडघाभर चिखलात उभे राहून दुकान धुतले होते. त्यांच्या घरची दिवाळी आमच्या तोट्यात धरणे शक्य नव्हते. घाऊक व्यापाऱ्यांना द्यायचा हप्ता वेगळा ठेवला. मुलांची फी, विजेचे बिल आणि महिन्याचा किराणा वजा जाता सणासाठी जे उरले, त्यातून भाऊबीजेच्या वाट्याला आठशे रुपये आले.

माझे दोन्ही भाऊ सहकुटुंब मुलुंडहून यायचे होते. घरची सहा आणि माहेरची सहा, अशी बारा पाने. ह्यांनी लगेच तोडगा काढला. दरवर्षीच्या केटररकडून थाळ्या मागवायच्या, दोन किलो काजू कतली आणायची आणि पैसे लाभपंचमीनंतर द्यायचे. थाळीचा भाव माणशी अडीचशे, म्हणजे जेवणाचेच तीन हजार. “तुझ्या भावांसमोर ताट रिकामे दिसले, तर उद्या मुलुंडच्या बाजारात बोलणे होईल,” असे ते म्हणाले. त्यांचे चुकत नव्हते. बाजार असाच असतो.

सासूबाईंचे छठ जवळ आले होते, म्हणून त्या मण्यांची माळ घेऊन बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता एवढेच विचारले, “पाहुण्यांना जेवू कोण घालणार? आपण, की केटरर उधारीवर?”

ह्यांनी उत्तर दिले नाही. मी वही उघडली आणि कोऱ्या पानावर वर लिहिले : भाऊबीज, बारा माणसे, आठशे रुपये.

नियमांनी केलेली बचत

आधी रक्कम लिहिली आणि मग पदार्थ ठरवायला बसले, हे महत्त्वाचे. एरवी आपण उलटे करतो. पदार्थ ठरतात, यादी वाढत जाते आणि शेवटी बेरीज पाहून छातीत धस्स होते. दुकानात रक्कम पाहून माल भरणारे आपण, स्वयंपाकघरात मात्र तो शहाणपणा उंबऱ्याबाहेर ठेवतो.

पदार्थ ठरवताना एक गोष्ट लक्षात आली. ज्या नियमांना आपण ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणून अडचण समजतो, तेच त्या दिवशी माझ्या मदतीला धावून आले.

कार्तिकी चौमासी अजून व्हायची होती. आमच्या घरी चातुर्मासात पालेभाजी आणि सुकामेवा दोन्ही बंद असतात. म्हणजे काजू, पिस्ते, खारीक हे सर्वांत महागडे जिन्नस यादीत येण्याआधीच बाहेर पडले. खरे पाहता ती काजू कतलीही आमच्या नियमात बसत नव्हती. दरवर्षी पाहुण्यांच्या नावाखाली आम्ही त्या गोष्टीकडे डोळेझाक करत होतो, एवढेच.

त्या दिवाळीत कांद्याच्या भावाने गृहिणी हैराण झाल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारला कांद्याची निर्यात बंद करावी लागली, इतका तो महागला होता. शेजारणी मोजून कांदे चिरत होत्या. आपल्या वहीत त्या ओळीची जागाच नाही. तसेच बटाटा, लसूण आणि आले यांचेही.

तिसरा नियम वासी अन्नाचा. रात्र उलटलेले ओले अन्न आपण खात नाही. म्हणून ‘थोडे जास्तच टाका, उरले तर उद्या होईल’ ही सोय आपल्याला नाही. जे शिजवायचे ते त्याच दिवशी आणि सूर्यास्तापूर्वी संपले पाहिजे. त्यासाठी माप अचूक असावे लागते. आणि माप अचूक असले की पैसा वाया जात नाही. मोठी माणसे आठ, मुले चार. त्या हिशेबाने मी तांदूळ पाऊण किलो, तूरडाळ चारशे ग्रॅम आणि फुलक्यांची कणीक सव्वा किलो धरली. दोन भाज्या, एक गोड आणि एक तळण असेल, तर एवढे भरपूर होते.

शेवटी तूप. तूप सर्व पदार्थांत थोडे थोडे घातले, तर कशातच जाणवत नाही आणि डबा मात्र रिकामा होतो. म्हणून तूप एकाच पदार्थात मोकळ्या हाताने घालायचे ठरवले. सणाचे ताट कोणत्या घासाने सणाचे वाटते, तर गोडाच्या. मंगलप्रसंगी आपल्याकडे आजीच्या काळापासून होत आलेली गव्हाची लापशी मी निवडली.

ताटातील पदार्थ

ठरलेले ताट असे होते : गूळ-तुपाची लापशी, गट्ट्याची भाजी, लाल भोपळ्याची सुकी भाजी, कोकम घातलेले तुरीचे वरण, भात, फुलके, कच्च्या केळ्याची भजी आणि लिंबू-मिठाची काकडी.

भाजी आदल्या दिवशी संध्याकाळी आणली. मुळगाव आणि बारवीकडच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका स्टेशनच्या रस्त्यावर टोपल्या घेऊन बसतात. ऑक्टोबर सरत आला तरी त्या वर्षी पाऊस हटत नव्हता. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ घोंघावत होते आणि उभी भातशेती आडवी होत होती. त्या बाईंशी भोपळ्याच्या भावावरून घासाघीस करताना माझी जीभ अडखळली. पाण्याने आमचे दुकान धुतले होते. तिचे तर शेतच पाण्यात उभे होते. तिने सांगितला तो भाव दिला. आठशेतील ती एक ओळ मी कमी करू शकले असते, केली नाही.

लापशीसाठी सहाशे ग्रॅम गहू गिरणीतून जाडसर भरडून आणले होते. तयार दलिया महाग पडतो आणि पुष्कळदा बारीक असतो. दोनशे ग्रॅम तुपात भरड मंद आचेवर लालसर होईपर्यंत परतायची. घाई केली तर दाणा आतून कच्चा राहतो. दुसरीकडे भरडीच्या तिप्पट पाण्यात चारशे ग्रॅम गूळ विरघळवून, गाळून, उकळत ठेवायचा. उकळते पाणीच परतलेल्या भरडीवर ओतायचे. गार पाणी घातले तर लापशी चिकट होते. पाणी आटत आले की पातेल्याखाली तवा सरकवायचा, झाकण ठेवायचे आणि वीस मिनिटे तिच्याकडे पाहायचेसुद्धा नाही. शेवटी सुंठ आणि वेलची. दाणा न् दाणा मोकळा होतो आणि तूप कडेने सुटू लागते. काजूची उणीव जिभेला जाणवत नाही.

गट्ट्यांसाठी चारशे ग्रॅम बेसन घेतले. त्यात तेलाचे मोहन, तिखट, ओवा, हिंग आणि मीठ घालून घट्ट भिजवले, वळ्या केल्या आणि उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे शिजवल्या. हे पाणी फेकू नये; रश्श्यात तेच घालावे, कारण बेसनाचा सारा स्वाद त्यात उतरलेला असतो. एक लिटर दुधाचे दही घरीच लावले होते. येथे द्विदलाचा नियम सांभाळावा लागतो. कच्च्या दह्या-ताकाशी कडधान्य मिसळत नाही. म्हणून ताक घुसळून आधी वेगळे उकळून घेतले आणि नंतरच त्यात गट्टे सोडले. ताक तापताना एकाच दिशेने ढवळत राहिले तर फुटत नाही. याच कारणाने काकडीत दही न घालता लिंबू पिळले. जेवणात वरण असताना दह्याची कोशिंबीर कशाला?

भोपळा सालीसकट चिरला. कोवळ्या भोपळ्याची साल शिजते आणि वजनाचा पैसा वाया जात नाही. मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि चिमूटभर गूळ, एवढेच त्यात घातले. केळ्याचे काप पातळ हवेत. जाड कापले तर पीठ आणि तेल दोन्ही अधिक लागतात आणि आतला भाग कोरडा राहतो. सहा केळ्यांत बारा जणांची भजी सहज झाली.

दुसऱ्या दिवशी वहीत मांडलेला हिशेब जसाच्या तसा देते. भाव त्या वर्षीचे आहेत. आज ते वाढले असतील. पण पदार्थांचे एकमेकांशी असलेले प्रमाण फारसे बदललेले नाही.

तांदूळ, ७५० ग्रॅम : ३९ रुपये
कणीक, सव्वा किलो : ४० रुपये
लापशीचे गहू, ६०० ग्रॅम : १९ रुपये
गूळ, ४०० ग्रॅम : २४ रुपये
तूप, ३०० ग्रॅम : १५० रुपये
तूरडाळ, ४०० ग्रॅम : ३८ रुपये
बेसन, ६५० ग्रॅम : ५२ रुपये
दह्यासाठी दूध, १ लिटर : ४८ रुपये
कच्ची केळी, ६ : ३० रुपये
लाल भोपळा, दीड किलो : ४५ रुपये
काकडी, १ किलो : ४० रुपये
तेल, अर्धा लिटर : ६५ रुपये
मिरची, लिंबू, कोकम : २५ रुपये
मसाले, मीठ, सुंठ, वेलची : ३५ रुपये
एकूण : ६५० रुपये

ओवाळणीचा नारळ, सुपारी आणि कुंकू यांचे पंचेचाळीस रुपये धरून सहाशे पंचाण्णव. आठशेतून एकशे पाच रुपये उरले. जेवणाचा खर्च माणशी चौपन्न रुपयांच्या आसपास आला. त्या वर्षी हलवायाकडे किलोभर काजू कतलीला याहून अधिक पैसे पडत होते.

सूर्य मावळण्याआधी

आपल्या घरांतील संध्याकाळच्या जेवणाला एक पाहुणा असा असतो की जो कोणासाठी थांबत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्याकडे सहा वाजल्यानंतर पाच-सात मिनिटांतच सूर्य मावळतो. सासूबाईंचा नियम सूर्यास्ताच्या दोन घटिका आधीचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. तेव्हा त्यांचे पान सव्वापाचला वाढून झालेच पाहिजे.

माहेरची मंडळी तीनपर्यंत येणार होती. गाडी वाटेत रखडली आणि ती घरी पोहोचली साडेचार वाजता. सुदैवाने मी कामांचा क्रम लावून ठेवला होता. गट्टे आणि वरण दुपारीच झाले होते. लापशी तव्यावर झाकलेली होती. भोपळा आणि भात चार वाजता उतरवले. राहिले होते ते फुलके आणि भजी. वहिनीने साडीचा पदर खोचला आणि न विचारता पोळपाट ओढून घेतला. धाकटी भावजय कढईसमोर उभी राहिली. मी ओवाळणीचे तबक लावले. पाच वाजता भाऊ पाटावर बसले होते. केटररच्या थाळ्या आल्या असत्या, तर आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत एकमेकींच्या साड्यांची चौकशी करत बसलो असतो.

पाने वाढली गेली. ह्यांचा चेहरा उतरलेलाच होता. ते वाढत होते, आग्रह करत होते, पण त्यांची नजर प्रत्येकाच्या ताटावरून फिरत होती. काय कमी आहे ते कोणाच्या लक्षात येते का, हे ते पाहत असावेत.

ते लक्षात आणून दिले आमच्याच धाकट्याने. लापशीचा घास तोंडात ठेवून तो मोठ्याने म्हणाला, “मामा, या वेळी काजू कतली नाही. आपल्या दुकानात पाणी आलं होतं ना, म्हणून!”

सगळ्यांचे हात थबकले. जी गोष्ट झाकण्यासाठी तीन हजारांची उधारी करायला आम्ही निघालो होतो, ती सात वर्षांच्या मुलाने एका घासात सांगून टाकली. ह्यांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी मुलाचाही राग आला आणि माझ्या वहीचाही.

दादाने ताटातील लापशी बोटांनी सारखी केली आणि शांतपणे म्हणाला, “तुमच्या दुकानात पूर आला तेव्हा पाणी शिरलं, दाजी. आमच्या पेढीत तर पूर न येताच शिरलंय.”

मग तो बोलत राहिला. भांड्यांचा धंदा कसा मंदावला, दोन मोठी येणी कशी अडकली आणि धाकट्याला वेगळे दुकान काढून द्यायचे कसे लांबले. वहिनीने त्याच्याकडे चमकून पाहिले. तिलाही त्यातील निम्मे तेव्हाच कळत होते, हे मला तिच्या डोळ्यांत दिसले. हेही बोलू लागले. उल्हासनगरचा कोणता व्यापारी मुदत वाढवून देईल, कोणता माल परत घेईल, जुना माल कोठे खपेल, अशी दोघांची बोलणी सुरू झाली. जुलैपासून ह्यांनी कोणाशी इतके मोकळे बोलल्याचे मी पाहिले नव्हते. एक म्हणाला तोटा, तर दुसरा म्हणाला माझाही. आणि दोघांच्याही ताटात वाढलेली लापशी संपली होती.

सासूबाईंनी वेळेवर आपले ताट धुऊन पाणी प्यायले आणि पच्चक्खाण घेतले. त्यांचे पाहून मुलांनीही ताटे धुऊन पाणी प्यायले. त्यांच्यात कोणाचे ताट अधिक स्वच्छ, याची पैजच लागली. सहा वाजता स्वयंपाकघरात वाटीभर भात आणि दोन फुलके उरले होते. ते दुकानातील माणसाच्या डब्यात गेले. ताटात काही टाकून दिलेले नव्हते आणि पातेल्यात काही साठवायचे नव्हते.

पुणिया श्रावकाचे गणित

घरी कोणी साधर्मिक येणार असेल आणि हात आखडलेला असेल, तर मला पुणिया श्रावकाची आठवण होते. रुईच्या पुण्या विकून दिवसाला बारा दोकडे मिळवणारा हा श्रावक. तेवढ्यात नवरा-बायको दोघांचे जेमतेम भागे. तरीही रोज एका साधर्मिकाला जेवू घालायचा नेम त्यांनी घेतला होता. त्यासाठी एक दिवस त्याने उपवास करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिने. पाहुण्यासाठी त्यांनी कर्ज काढले नाही आणि पाहुण्याला परतही पाठवले नाही. मगधसम्राट श्रेणिकाला ज्याच्या एका सामायिकाचे फळ सारे राज्य देऊनही विकत घेता येईना, तो हाच पुणिया.

आम्ही काही पुणियाएवढे मोठे नाही. त्या दिवशी आमच्या घरी कोणी उपाशी राहिले नाही. उलट भजी दोनदा वाढली गेली. पण त्याच्या कथेतील गणित मला पटले. आतिथ्य आपल्या वाट्यातून करायचे असते. उधारीवरचे पक्वान्न आपल्या वाट्यातून येत नाही. ते घाऊक व्यापाऱ्याच्या थकलेल्या हप्त्यातून येते, दुकानातील माणसाच्या उशिरा मिळालेल्या बोनसमधून येते, कधी स्वतःच्याच मुलांच्या पुढच्या महिन्यातून येते. पान मात्र आपण आपल्या नावावर वाढतो.

परिग्रहाचे परिमाण आपण तिजोरीपुरते मानतो. ताटालाही ते लागू आहे. परिमाण ठेवले म्हणजे ताट रिकामे राहते, ही भीती मात्र खरी नाही. बारा पानांपैकी एकही त्या दिवशी रिकामे दिसले नाही. आम्हाला पोकळ वाटत होती ती पत. आणि ती भरून निघाली ताट सजवल्याने नव्हे, तर आपल्या माणसासमोर खरे बोलल्याने.

निघताना वहिनीने माझी वही मागितली. लाभपंचमीला त्यांच्याकडे वीस माणसे जेवायला होती आणि केटररला सांगूनही झाले होते. तिने पान उतरवून घेतले, बाराचे प्रमाण विसाला कसे करायचे ते विचारले आणि दादाला म्हणाली, “उद्या सकाळी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगा.” दादा काही म्हणाला नाही. पण जिना उतरताना त्याने गट्ट्यांचे ताक कसे उकळायचे, ते मला पुन्हा एकदा विचारले.

दुकान सावरायला पुढे बराच काळ लागला. सगळी देणी फिटली नाहीत, तोच टाळेबंदीचे वर्ष आले. म्हणजे एका जेवणाने आमची परिस्थिती पालटली, असे सांगायचे नाही. पण तेव्हापासून आमच्या घरी भाऊबीजेचे जेवण घरीच होते आणि रक्कम आधी लिहूनच पदार्थ ठरतात. हात सैल असेल त्या वर्षी ताटात एक भाजी वाढते. वहीचे पान मात्र तसेच आखले जाते. उरलेले एकशे पाच रुपये त्या संध्याकाळी सासूबाईंनी जीवदयेच्या पेटीत टाकायला लावले. ह्यांनी ते स्वतःच्या हाताने टाकले. वहीतील त्या ओळीसमोरचे अक्षर माझे नाही, त्यांचे आहे.

या दिवाळीतही आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी हिशेबाची वही आणि पाहुण्यांची यादी समोरासमोर ठेवलेली असेल. त्या भगिनीला एवढेच सांगावेसे वाटते. रक्कम आधी लिही, माप नेमके घे, तूप एका पदार्थात मोकळ्या हाताने घाल आणि पाहुणे आले की पोळपाट त्यांच्याही हाती दे. सुदर्शनेच्या ताटात काय होते, ते कोणाला आठवत नाही. नंदिवर्धन तिच्या घरी जेवले, हे मात्र आजही घरोघरी सांगितले जाते.

लिहिण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.